ज्यांना येत नाही त्यांचा हात

वेई ग्वांगयाओला विद्यार्थी फारसे आवडत नसत. विद्यार्थ्यांचे फोटो मात्र आवडत. गोल केलेल्या टेबलांभोवती चार-पाच डोकी एकत्र आलेली, मधोमध रंगीत चिठ्ठ्या, कुणाच्या तरी हातात मार्कर, आणि मागे किंचित वाकून उभा असलेला तो स्वतः, जणू प्रत्येकाचं म्हणणं कानात साठवून घेतोय. असे फोटो त्याच्याकडे ढिगाने होते. कॉलेजच्या अध्यापन विकास केंद्राची एक अख्खी भिंत त्यांनी भरली होती. फोटो काढून झाला की टेबलं परत रांगेत लागत, चिठ्ठ्या पुढच्या फोटोसाठी डब्यात जात, आणि वेई खुर्चीत बसून पडद्यावरच्या स्लाइड वाचायला घेई. त्या स्लाइड त्याने नोकरी लागली त्या वर्षी केल्या होत्या. तेव्हा त्याच्या डोक्यावर केस होते.

कॉलेज युनलिन जिल्ह्यातलं, खासगी, तांत्रिक. एका बाजूला लसणाची शेतं, दुसऱ्या बाजूला भुईमुगाची, आणि पलीकडे समुद्र. हिवाळ्याच्या तोंडावर समुद्राकडून वारा सुटला की खिडक्यांच्या फटींतून बारीक वाळू वर्गात येई आणि बाकांवर, वह्यांवर, झोपलेल्या मुलांच्या केसांवर गुपचूप बसून राही. मुलं दरवर्षी कमी होत होती, कारण तैवानात मुलं जन्मालाच कमी येत होती. जी येत, त्यांतली हुशार मुलं ताइपेईला जात. उरलेली आणि व्हिएतनामहून आलेली, अशांच्या जिवावर कॉलेजचे दिवे लागत होते.

अशा कॉलेजात टिकायचं तर वारा कुठून येतो ते आधी कळावं लागतं. वेईला ते कळे. शिकवणं सोडून बाकी सगळं त्याला लवकर कळे. एके काळी सगळे ‘दृकश्राव्य’ म्हणत होते तेव्हा पहिला प्रोजेक्टर त्याच्या वर्गात लागला. मग ‘नवोन्मेष’ आला, तेव्हा त्याने बाकांना चाकं लावून घेतली. आणि ‘समावेशक अध्यापन’ हा शब्द मंत्रालयाच्या पत्रकात पहिल्यांदा दिसला, तेव्हा इतर प्राध्यापक त्याचा अर्थ विचारत होते आणि वेईने त्यावर व्याख्यान ठरवूनही टाकलं होतं. व्याख्यानात तो सांगे, “विद्यार्थ्याला नावाने हाक मारा. उच्चार चुकला तरी चालेल, पण नावानेच मारा.” श्रोते मान डोलवत. त्याच दुपारी तो वर्गात म्हणे, “ए व्हिएतनाम, खिडकी लाव.”

त्या खिडकीपाशी बसणाऱ्या मुलीचं नाव रुआन थी हान होतं. तिसऱ्या वर्षाला होती, आणि पहिल्या वर्षापासून खिडक्या लावत होती.

तिच्या शेजारी खो चियाहाओ झोपलेला असे. तो रात्रपाळीला सुट्या भागांच्या कारखान्यात जाई आणि सकाळी तिथूनच स्कूटरवरून वर्गात येऊन डोकं टेकवी. वेईने त्याला कधी उठवलं नाही. व्याख्यानात या गोष्टीला तो ‘विद्यार्थ्याच्या परिस्थितीचा आदर’ म्हणत असे. खरं म्हणजे झोपलेला विद्यार्थी काही विचारत नाही, म्हणून वेईचा त्याच्यावर लोभ होता.

बोलावणं आलं ते सप्टेंबर संपता संपता.

“बसा, वेई सर. चहा घ्या,” डीन ल्याओ म्हणाले.

डीन स्वतःच्या हाताने चहा ओतायला लागले की बातमी वाईट असते, हे कॉलेजातल्या मांजरांनाही माहीत होतं.

“अन्नतंत्र आणि खानपान, हे दोन्ही विभाग उन्हाळ्यात एक होणार,” डीन म्हणाले.

“चांगलं आहे की.”

“चांगलंच आहे. फक्त माणसं दोन विभागांची आहेत आणि खुर्च्या एकाच्या राहणार.” डीननी कपात फुंकर मारली. “खानपानचे लोक स्वयंपाक तरी करतात. तुम्ही काय करता, असं वर विचारलं तर मी काय सांगू?”

“मी समावेशक अध्यापन करतो, सर.”

“म्हणूनच तर तुमच्यासाठी वाट काढलीय. बाहेरची समिती येतेय, खुला तास बघायला. त्यांनी तुमच्या तासाला शाबासकी दिली, तर तुम्हाला हात लावायची कुणाची हिंमत नाही. नाही दिली तर...” डीननी खिडकीबाहेर पाहिलं. “पैकांगला तुमच्या भावाचं शेंगदाण्याचं दुकान आहे ना? लसणाचे शेंगदाणे फार छान असतात म्हणे.”

हे वाक्य वेईला जिथे लागायचं तिथेच लागलं. ते दुकान त्याच्या वडिलांचं. देवळाच्या गल्लीत, भाजक्या टरफलांच्या वासात तो वाढला आणि त्या वासापासून दूर जाण्यासाठीच शिकला. नववर्षाला घरी गेला की धाकटा भाऊ आ-शिंग सगळ्यांसमोर स्टूल पुसून देई. “बसा, बसा, प्राध्यापकसाहेब. हात नका लावू, टरफल टोचेल.” आईही हसे. कॉलेजातून निघालेल्या माणसाला या वयात दुसरं कोण घेणार? त्या दुकानात आ-शिंगच्या हाताखाली उभं राहायचं, गिऱ्हाईकांना चवीला दाणे द्यायचे, आणि आ-शिंगने प्रत्येकाला सांगायचं, ‘हा माझा दादा, प्राध्यापक होता.’ या ‘होता’च्या भीतीने वेईचा चहा कपात तसाच निवला.

दुसऱ्या दिवशी त्याने वर्गाला कामाला लावलं.

“नीट ऐका. पाहुणे येतील. मी प्रश्न विचारला की हात वर करायचे. सगळ्यांनी. एकही हात खाली दिसता कामा नये. ज्याला उत्तर येतं त्याने उजवा, ज्याला येत नाही त्याने डावा. मी उठवणार फक्त उजव्याला. कळलं?”

वर्गात खसखस पिकली.

“सर, हे आम्ही तिसरीत करायचो,” पुढून कुणीतरी म्हणालं.

“मग सवय असेलच. तिसरीच्या पुढे तुम्ही गेलाय कुठे?”

हानने हात वर केला. तिने अजून कुठला हात ते ठरवलं नव्हतं, त्यामुळे आधी एक केला, मग दुसरा. “सर, थोडं येतं आणि थोडं येत नाही, असं असेल तर?”

“असं काही नसतं. येतं किंवा येत नाही.”

“आणि झोपेत असलो तर, सर?” खो डोळे न उघडता म्हणाला.

“तुझा डावा. आयुष्यभर डावाच.”

वर्ग हसला. वेईलाही आपला विनोद आवडला.

ही युक्ती त्याने शोधलेली नव्हती. या बेटावर चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, त्याने शाळेत कधी ना कधी साहेब आले म्हणून डावा-उजवा केलेला असतो. पण इतरांच्या दृष्टीने ती गंमत होती. वेईच्या दृष्टीने ती शाळेतली सगळ्यात सुखाची आठवण होती. तो पहिलीत गेला तेव्हा त्याला फक्त घरची तैवानी भाषा येत होती, दुकानातली, आईची. वर्गात सरकारी मंदारिनऐवजी ती तोंडून निघाली की गळ्यात लाकडी पाटी पडे, ‘मी गावठी बोलणार नाही’ अशी. पाटीची दोरी काथ्याची होती, मानेला खाजे. ज्याच्या गळ्यात पाटी असेल त्याने दुसऱ्या कुणाला तरी चुकताना पकडायचं आणि पाटी त्याच्या गळ्यात घालायची, तोवर सुटका नाही. ग्वांगयाओ पकडण्यात तरबेज झाला. मधल्या सुट्टीत तो मित्रांच्या मागे उभा राही आणि वाट बघे.

मग एकदा तपासणीला साहेब यायचे होते आणि बाईंनी हातांचा नियम सांगितला. साहेब आले. बाईंनी प्रश्न विचारला. ग्वांगयाओला प्रश्नही कळला नव्हता, पण त्याने डावा हात ताठ वर केला, पार बोटं दुखेपर्यंत. साहेब त्याच्याकडे बघून हसले. बाईंची नजर त्याच्यावरून सरकत पुढे गेली. शाळेत इतकं सुरक्षित त्याला कधीच वाटलं नव्हतं. सगळ्यांमध्ये आहोत, दिसतो आहोत, आणि कुणी काही विचारणार नाही. पुढे आयुष्यभर त्याने जे काही केलं, ते थोडक्यात एवढंच होतं.

खुल्या तासाचा दिवस उजाडला. फळ्याच्या वर लाल कापड टांगलं होतं, त्यावर सोनेरी अक्षरं, ‘कुणीही मागे राहू नये’. टेबलं गोल झाली. रंगीत चिठ्ठ्या बाहेर आल्या. मुलांना केस विंचरून यायला सांगितलं होतं. खोने केस विंचरले होते आणि विंचरलेल्या केसांनिशी तो झोपला होता.

समिती मागच्या रांगेत बसली. तिघं होते. अध्यक्ष त्सेंग, निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांनी हयातीत इतक्या तपासण्या दिल्या आणि घेतल्या होत्या की आता ते वर्गात शिरताच आधी चांगली खुर्ची शोधत. दुसरे एक गृहस्थ, ज्यांनी दुपारी डबे येईपर्यंत तोंड उघडलं नाही. आणि तिसऱ्या डॉ. नी; ‘नी’ हे त्यांचं आडनाव. या तरुण बाई, कॅनडात वाढलेल्या, तिथेच शिकलेल्या, वर्षभरापूर्वी इकडे आलेल्या. त्यांची भाषा इतकी नीटनेटकी होती की पुस्तक कुणीतरी मोठ्याने वाचतंय असं वाटे. वेईने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि मनात म्हणाला, ही फोटो काढणार. बरं झालं.

विषय होता अन्न टिकवण्याचा. “अन्न खराब का होतं?” वेईने विचारलं.

वर्गभर हात उगवले. झोपलेला खो सोडला तर एकही खाली नव्हता. वेईच्या छातीत ऊब पसरली. तीन उजवे हात, तिन्ही पुढच्या टेबलावरचे. त्यातल्या एका मुलीने पाठ केलेलं उत्तर घडाघडा दिलं. “शाब्बास.” पुढचा प्रश्न. पुन्हा रानभर हात. दुसरी मुलगी. “शाब्बास. बघा, आपण सगळे किती सहभागी आहोत.” दारात डीन ल्याओ उभे होते, तेही समाधानाने डोलत होते.

तिसऱ्या प्रश्नाला मागच्या रांगेतून एक हात वर झाला. डॉ. नींचा.

“माफ करा, सर. तास चालू असताना बोलू नये, मला माहीत आहे. पण एक विचारू का? जवळजवळ सगळ्यांनी डावा हात वर केला आहे. हे सगळे डावखुरे आहेत का?”

त्सेंग छताकडे पाहू लागले. दारातल्या डीनना एकदम फोन आल्यासारखं झालं, पण फोन वाजला नव्हता. या खोलीत जे जे या मातीत वाढले होते, त्या सगळ्यांनी एकाच वेळी श्वास रोखला. असा प्रश्न इथे कुणी विचारत नाही. विचारणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असतं.

आणि नेमका तेव्हा खो जागा झाला. कुणीतरी त्याला काही विचारलंय एवढंच त्याला कळलं, आणि अर्धवट झोपेत माणूस खरं बोलतो.

“नाही मॅडम. ज्यांना येत नाही त्यांनी डावा करायचा, असं सरांनी सांगितलंय.”

वाऱ्याने खिडकी खडखडली. कुणी लावायला उठलं नाही. वेईला समोर वर्ग दिसेना. त्याला देवळाची गल्ली दिसली, टरफलांचा ढीग दिसला, आणि स्टूल पुसणारा आ-शिंग.

“म्हणजे,” डॉ. नी सावकाश म्हणाल्या, “ज्यांना येत नाही, त्यांनाही तुमच्या वर्गात एक हात आहे?”

त्यांनी वर्गभर नजर फिरवली.

“मी खूप वर्ग पाहिले आहेत, सर. ‘मला येत नाही’ हे सगळ्यांसमोर सांगताना मुलांचा जीव जातो. आणि इथे जवळजवळ सगळा वर्ग ते हात वर करून सांगतो आहे.” त्यांचे डोळे खरोखर चमकत होते. “फार सुंदर आहे हे.”

“मोकळं वातावरण आहे, मोकळं,” त्सेंग घाईघाईने म्हणाले आणि पुन्हा छताकडे पाहू लागले.

“मग डाव्या हातांपैकी तुम्ही कुणाला बोलायला सांगता?”

“सांगतो की,” वेई म्हणाला. “रोजच सांगतो.”

त्याने नजर फिरवली. ज्याच्याकडून कमीत कमी धोका आहे असा डावा हात त्याला हवा होता. खिडकीपाशी तो सापडला. भाषा कच्ची, स्वभाव गरीब, उठेल, लाजेल, बसेल.

“हं, ती... खिडकीजवळची... आपली...”

सगळे वाट बघत होते.

“रुआन थी हान, सर,” हान म्हणाली.

“हान! आपली हान. बोल, काय येत नाही तुला?”

हान उठली. लाजली नाही. तिने बहुधा हे मनात पुष्कळ दिवस तयार करून ठेवलं होतं.

“सर, तुम्ही पहिल्या तासापासून ‘पाण्याची क्रियाशीलता’ म्हणताय. प्रत्येक स्लाइडवर आहे. ती म्हणजे काय ते मला येत नाही. मध पातळ असतो, त्यात पाणी असतं, तरी तो वर्षानुवर्षं टिकतो. शेंगदाणे कोरडे असतात, तरी त्यांना बुरशी येते. मग पाणी असलं की खराब होतं, की नसलं की?”

वेईने पडद्याकडे पाहिलं. स्लाइडवर व्याख्या होती. ती वाचायला त्याने तोंड उघडलं, आणि मागे डॉ. नी पुढे झुकलेल्या दिसल्या. वाचून दाखवणं जमणार नव्हतं. मग त्याला राग आला. या मुलीचा, या बाईचा, या झोपाळू खोचा, या सगळ्या न येणाऱ्यांचा.

“अगं, पाणी किती आहे त्याला काय विचारतेस?” तो एकदम म्हणाला. “या वर्गात माणसं किती आहेत? भरपूर. आता बाहेर जाऊन टेबलं उचला म्हटलं तर उठतील किती? हा फोनला बांधलेला. ती तिच्या मैत्रिणीला बांधलेली. हा झोपेला बांधलेला. आहेत सगळे, पण मोकळं कोण आहे? दोघं-तिघं. काम होईल ते तेवढ्यांकडूनच. पाण्याचं तसंच आहे. मधात पाणी आहे, पण साखरेने त्याला घट्ट धरून ठेवलंय. बुरशीला ते पिता येत नाही. तिला मोकळं पाणी लागतं.”

कुणीतरी हसलं. पण पोरं त्याच्याकडे बघत होती. फोनकडे नाही, त्याच्याकडे.

“आणि शेंगदाणे, सर?”

“शेंगदाणे...” वेई थांबला. “शेंगदाणे उन्हात वाळवतात. वाळले की गार होऊ द्यावे लागतात. घाई केली आणि गरम गरमच पोत्यात भरून तोंड बांधलं, तर आत वाफ धरते. रात्री पोतं गार पडलं की ती वाफ आतल्या आत पाणी होऊन दाण्यांवर बसते. थोडंसंच. पण ते मोकळं असतं. वरून पोतं कोरडं ठणठणीत, आणि आत हिरवं. आमच्याकडे एकदा अख्खा हंगाम गेला होता तसा. बाबा पोतं उघडून नुसते वास घेत उभे होते.”

वर्ग शांत झाला होता. ही शांतता झोपेची नव्हती.

“म्हणजे मी बांधलेलं पाणी का, सर?” खो म्हणाला.

“तू बर्फ आहेस.”

हशा उसळला. मग एक डावा हात उठला, मिठाचं लोणचं का टिकतं ते विचारायला. मग आणखी एक. पुढच्या टेबलावरच्या पाठ करणाऱ्या मुलीनेही उजवा हात खाली घेऊन डावा वर केला. घंटा झाली तेव्हा ठरवलेल्या स्लाइडपैकी निम्म्याही झाल्या नव्हत्या, आणि चिठ्ठ्या टेबलांवर कोऱ्याच पडल्या होत्या.

वेईने कपाळ पुसलं. आयुष्यातला सगळ्यात वाईट तास झाला, अशी त्याची खात्री होती.

जेवणाच्या डब्यांवर निर्णय झाला. डबे कोंबडीच्या तंगडीचे होते, म्हणजे कॉलेजने पाहुण्यांना मानलं होतं. डॉ. नींनी तंगडीला हात न लावता पुष्कळ वेळ कौतुक केलं. अबोल गृहस्थांनी तंगडी संपवून मान डोलवली. त्सेंगनी समारोप केला की ही पद्धत सगळीकडे जायला हवी. नंतर हात धुताना ते वेईच्या शेजारी आले आणि आरशात बघून हळूच म्हणाले, “मीही हेच करायचो हो. आमच्या वेळी फक्त कॅनडाहून कुणी यायचं नाही.” आणि खांदे हलवत हसले. वेईही हसला. दोन जुने सज्जन आरशात एकमेकांकडे बघून हसत होते आणि नळ चालूच होता.

पुढच्या सत्रात लाल कापडावर नवी अक्षरं आली, ‘डाव्या हाताची पद्धत’. वेईने त्यावर व्याख्यान तयार केलं. त्यात त्याने आपल्या बालपणाबद्दलही दोन हळवी वाक्यं घातली, पाटीची खाजरी दोरी वगैरे. ज्यांच्या गळ्यात त्याने ती पाटी घातली त्यांच्याबद्दल वाक्य नव्हतं. इतर विभागांनीही पद्धत उचलली. पण डाव्या हाताला उठवायचं म्हणजे तो काय विचारेल याचा भरवसा नाही, आणि प्राध्यापकांना भरवसा नसलेली गोष्ट सोसत नाही. म्हणून लवकरच मुलांना आधीच सांगून ठेवण्यात येऊ लागलं, कुणाला काय येत नाही ते. पाहुणे असले की चांगल्या घरच्या शंका नीट इस्त्री करून वर्गात येत आणि प्राध्यापक त्यांचं निरसन स्लाइडवरून करत. पाहुणे नसले की टेबलं रांगेत.

वेईची जागा मात्र अजून पूर्ण पक्की झाली नव्हती. “वसंतात मंत्रालयाची माणसं येताहेत,” डीन ल्याओंनी चहा न ओतता सांगितलं. चहा नाही म्हणजे बातमी बरी होती. “ती येऊन गेली की तुम्ही निवृत्तीपर्यंत आमचेच.”

वेईने वर्गाला शंका वाटून दिल्या. लोणच्याची एकाला, जॅमची एकीला. उजळणी झाली. तास संपल्यावर हान त्याच्या टेबलापाशी आली.

“सर, मला दिलेली शंका मला नको.”

“का? तुझीच आहे. मधाची आणि शेंगदाण्यांची. समितीला तीच तर आवडली होती.”

“पण सर, आता ते मला येतं. त्या दिवशी तुम्ही समजावलंत ना. मी आईला फोनवर तसंच्या तसं सांगितलं, वर्गातली माणसं आणि पोत्यातली वाफ. तिलासुद्धा कळलं.” हान हसली. “मग मी डावा हात कसा वर करू? माझा आता उजवा झाला.”

तीस वर्षांच्या नोकरीत वेईपाशी येऊन असं कुणी बोललं नव्हतं. त्याच्या आत कुठेतरी काहीतरी हललं असेल, तर ते त्याला जाणवलं नाही. त्याला जाणवलं ते एवढंच की मंत्रालयाची माणसं यायला फार दिवस उरलेले नाहीत आणि ही मुलगी घोळ घालणार आहे.

“येत असलं म्हणून काय झालं?” तो म्हणाला. “येत नाही असं दाखवायला काय जातं तुझं? तीन वर्षं कॉलेजात काय शिकलीस मग?”

“मग खरी एखादी विचारू का, सर? मला न येणारं खूप आहे.”

“खऱ्या नकोत. खऱ्या तासानंतर बघू.”

“तास आत्ताच संपला, सर.”

पण वेईचं लक्ष नव्हतं. व्याख्यानासाठी त्याला फोटो हवा होता. “थांबा रे, कुणी जाऊ नका. सगळ्यांनी डावा हात वर,” तो म्हणाला. हान खिडकीपाशी आपल्या जागी गेली. तो खोपाशी गेला, झोपलेल्या खोचं डावं कोपर त्याने बाकावर उभं केलं आणि मनगट पुस्तकांच्या गठ्ठ्याला टेकवलं. हात उभा राहिला. खोने झोपेतच सुस्कारा टाकला. त्याच्या केसांवर वाळू चमकत होती.

वेईने दोन पावलं मागे जाऊन फोन डोळ्यांसमोर धरला. चौकटीत हातच हात होते, आणि खिडकीपाशी एक चुकीचा.

“हान,” तो म्हणाला. आता त्याला नाव पाठ झालं होतं. “तो उजवा खाली घे. फोटोत येतोय.”